५० मीटरवरची गाडी सोनारने (आवाज सोडून परत येणाऱ्या इकोवरून अंतर मोजून) पकडता येते का? पाणबुडीवाले तर किलोमीटरभर बघतात

घणसोलीचा_पोरगा
मंडळी, मी डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या सोसायटीत बेसमेंटच्या रॅम्पवरून वर आलं की लगेच वळण आहे आणि आतल्या रोडने येणारी गाडी शेवटपर्यंत दिसत नाही, म्हणून सेक्रेटरी काका म्हणाले की काहीतरी कर, प्रोजेक्ट पण होईल. मी एचसी-एसआर०४ (कानाला ऐकू न येणाऱ्या अल्ट्रासॉनिक आवाजाने अंतर मोजणारा छोटा सेन्सर) लावून बघितला तर ४ मीटरच्या पुढे काहीच येत नाही, मला निदान ५० मीटर पाहिजे. पाणबुडीचा सोनार किलोमीटरमध्ये बघतो मग हवेत प्रॉब्लेम काय आहे? जास्त व्होल्टेज दिला किंवा दुसऱ्या बाजूला तगडा अॅम्प्लिफायर लावला तर जमेल का?

डेसिबल_मास्तर
नाही जमणार, आणि व्होल्टेजचा संबंध फार थोडा आहे. तुझा सेन्सर ४० किलोहर्ट्झवर चालतो. ह्या फ्रिक्वेन्सीचा आवाज हवा अक्षरशः खाऊन टाकते, मीटरला साधारण सव्वा डेसिबल. ५० मीटर जायचं आणि ५० यायचं म्हणजे १०० मीटर, म्हणजे सव्वाशे डेसिबल तर नुसत्या हवेनेच गिळले. दर दहा डेसिबलला ताकद दहापट कमी, तर सव्वाशेला किती शून्यं होतात ते तूच मांड. समुद्रात हीच फ्रिक्वेन्सी किलोमीटरला दहा-बारा डेसिबल गमावते, तिथे खेळच वेगळा आहे.

आणि हे फक्त शोषणाचं झालं, पसरणं वेगळं. लांबची छोटी वस्तू असेल तर अंतर दुप्पट केलं की परत येणारा आवाज सोळाव्या हिश्श्यावर येतो. अॅम्प्लिफायर लावशील तर सोबत वाऱ्याचा, पावसाचा, मायक्रोफोनच्या स्वतःच्या खरखरीचा आवाज पण तेवढाच मोठा होईल. ठाणे-बेलापूर रोडवर ट्रेलर थांबला की एअरब्रेकचा फुस्स आवाज ऐकलायस ना, त्यात अल्ट्रासॉनिक भरपूर असतं, तो तुझ्या इकोच्या जागी येऊन बसेल.

घणसोलीचा_पोरगा
ओके म्हणजे फ्रिक्वेन्सी कमी केली तर? १ किलोहर्ट्झला शोषण कमी असेल ना

डेसिबल_मास्तर
शोषण खूपच कमी, किलोमीटरला पाचेक डेसिबल. पण मग दुसरीकडे मार खातोस. १ किलोहर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, ती एका दिशेने धाडायची तर डिशही तशीच लागते. तुझ्या छोट्या सेन्सरसारखा १५ अंशांचा झोत पाहिजे असेल तर दीड मीटरच्या वरची डिश. बरं १५ अंशांचा झोत ५० मीटरवर १३ मीटर रुंद होतो, त्यात भिंत, अशोकाची झाडं, उभ्या बाईक सगळे इको देणार आणि गाडी त्यात हरवणार. आणि १ किलोहर्ट्झ हा चांगला कानात शिरणारा आवाज आहे, रात्री दोनला दर सेकंदाला टूं टूं वाजलं तर तुझ्या सेक्रेटरी काकांना कोण वाचवणार?

हवामानवाले सोडार वापरतात ते ह्याच पट्ट्यात असतं, १ ते ४-५ किलोहर्ट्झ, काही शे मीटर उंचीपर्यंतचा वारा मोजतात. पण मोठा अँटेना, भोवती ध्वनिरोधक आडोसा, आणि वस्तीपासून लांब. सोसायटीत ते कोणी बसवू देणार नाही.

खाडीकाठ
मास्तरांनी सांगितलंच आहे पण एक राहिलं, वेग. आवाज ३० अंशाला सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो, म्हणजे ५० मीटरवरून इको यायला पाव सेकंदाच्या वर लागतं, आणि तोपर्यंत ताशी ४० ने येणारी गाडी ३ मीटर पुढे आलेली असते. एक पल्स गेला की तो परत येईपर्यंत दुसरा सोडायचा नाही, नाहीतर कुठला इको कुठल्या पल्सचा कळत नाही. वर तापमान, एका अंशाला वेग ०.६ मीटरने बदलतो, १० अंशांचा फरक पडला तर ५० मीटरवर ८०-९० सेंटिमीटरची चूक. ह्याला थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) लावून सुधारता येतं, पण दुपारी तापलेल्या डांबरावरून आवाज वरच्या बाजूला वाकतो त्याला काय करणार.

उलट नवी मुंबईत पाण्याची पातळी बघायला हाच सेन्सर झकास. धारण तलावाची (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायचा तलाव) किंवा नाल्याची पातळी वरून खाली बघायची, अंतर २-३ मीटर, पाणी सपाट, इको सरळ वर येतो. भरतीला पाऊस पडला की आपल्याकडे तेच बघायचं असतं. फक्त वॉटरप्रूफ सेन्सर घे, उघडी जाळी असलेला पावसाळ्यात टिकत नाही.

ठाण्याचा_भावजी
५०० रुपयांचा गोल आरसा लावा ना राव

घणसोलीचा_पोरगा
भावजी आरसा आहे, पण संध्याकाळी त्यावर हेडलाइट पडला की काही दिसत नाही आणि प्रोजेक्टला मार्क पण नाहीत 😅

डेसिबल_मास्तर
मग अंतर कापायचा नादच सोड. गाडी जिथे असणार तिथे सेन्सर ने. वळणाच्या ४० मीटर आधी रस्त्याकडेला एक पोल, त्यावर अल्ट्रासॉनिक किंवा रडार मॉड्यूल, गाडी समोरून २-३ मीटरवरून जाणार म्हणजे काम सोपं, आणि सिग्नल वायरने रॅम्पवरच्या दिव्यापर्यंत. रडार घेतलंस तर डॉप्लरवालं घे, उभी बाईक त्याला दिसतच नाही, फक्त हलणारं दिसतं. पेव्हर ब्लॉक काढता येत असतील तर खाली तारेचं लूप पण घालता येईल, टोलनाक्यावर असतं तसं, पण त्याला कमिटीची मीटिंग लागेल.

घणसोलीचा_पोरगा
पोल भारी आयडिया आहे दादा. आरएस-४८५ ची (लांबवर सिग्नल नेणारी) वायर बागेच्या कडेने नेली तर चालेल का? माळीकाका तिथे दर आठवड्याला कुदळ मारतात

खाडीकाठ
पीव्हीसी पाइपातून ने, आणि बागेतून नको, कंपाउंड वॉलला क्लॅम्प मारून वरून घे.