प्राणी कसे चालतात ते इंग्रजीत नेमकं कसं सांगायचं?

प्रश्न: मी इंग्रजीत छोट्या गोष्टी लिहायचा प्रयत्न करतेय पण माझा प्रत्येक प्राणी नुसता वॉक नाहीतर रन करतो, वाचताना अगदी सपाट वाटतं. मराठीत कसं तुरुतुरु, दुडुदुडु म्हटलं की चित्रच उभं राहतं, तसे शब्द हवेत.

उत्तर १: आहेत की भरपूर! साप स्लिदर करतो, बदक आणि पेंग्विन वॉडल म्हणजे डुलत डुलत, खेकडा स्कटल, उंदीर स्करी. वाघाला दोन, नुसता सावज शोधत दबकत फिरतोय तर प्राउल, पण एखादं हेरून त्याच्या मागे लागला की स्टॉक.

उत्तर २: घोड्याचं तर वेगळंच शास्त्र आहे, वॉकमध्ये टापांचे 4 ठोके, ट्रॉटला 2 म्हणजे आपली दुडकी चाल, कँटरला 3 आणि गॅलपला परत 4 पण भरधाव. मला कँटर फार आवडतो, तो शब्द इंग्लंडमधल्या कँटरबरीवरून आलाय, तिथे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या घोड्यांची चाल म्हणून.

प्रश्नकर्ती: वा! मग स्कटल आणि स्करी एकच का?

उत्तर १: जवळपास एकच, पण स्कटलमध्ये लपायला पळाल्याचा भास जास्त आहे.