वटवाघळाचा आवाज मोबाईलवर का येत नाही? आणि प्रतिध्वनी त्याला ऐकू कसा येतो?

तळ्याकाठचा:
सिद्धेश्वर तलावाच्या काठी दिवेलागणीला छोटी वटवाघळं पाण्यावरून सारखी फिरतात. मोबाईलच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र फक्त रिक्षा आणि रातकिडे. ॲप बदलून उपयोग होईल का? आणि इतक्या जोरात ओरडल्यावर लगोलग येणारा क्षीण प्रतिध्वनी त्यांना ऐकू येतो कसा?

ध्वनिरेषा:
ॲप बदलून काही होणार नाही. मोबाईल साधारणपणे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने घेतो आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचेच आवाज पकडता येतात, म्हणजे 24 किलोहर्ट्झच्या वरचं काही टिपलंच जात नाही. छोट्या पिपिस्ट्रेल वटवाघळांची हाक वरून झरकन घसरत 40 ते 50 किलोहर्ट्झच्या आसपास थांबते. ऑडिओमॉथसारखा रेकॉर्डर घ्या, नमुन्यांचा वेग 256 किंवा 384 किलोहर्ट्झ ठेवा. फाईल वेव्हमध्येच हवी, एमपीथ्रीत वरचा सगळा भाग कापला जातो. मग दहापट हळू वाजवा. 45 किलोहर्ट्झची हाक 4.5 वर उतरते आणि छान ऐकू येते.

गेन, म्हणजे आवाज किती वाढवून टिपायचा ते, मध्यमच ठेवा. जास्त ठेवला की जवळून गेलेल्या वटवाघळाचा आवाज फाटतो आणि स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या आलेखावर) मुळात नसलेल्या पट्ट्या उमटतात. रेकॉर्डर भिंतीला टेकवू नका, परावर्तन मिसळून रेघ पुसट होते. अखंड आडवी रेघ दिसली तर ती बहुतेक वेळा एलईडी दिव्याची किंवा चार्जरची असते. वटवाघळाचा आवाज हवेत मीटरमागे एक डेसिबलहून जास्त विरतो, तेव्हा तलावाच्या मध्यावरचं वटवाघूळ काठावरून मिळायचं नाही.

कानसेन:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मधल्या कानात आहे. हाक निघण्याच्या काही मिलिसेकंद आधीच तिथला इवलासा स्नायू आवळतो, आवाज आतल्या कानाला पोचवणाऱ्या रिकिबीच्या हाडाची हालचाल रोखतो आणि हाक संपताच सैलावतो. एक मीटरवरचा प्रतिध्वनी जवळपास 6 मिलिसेकंदांनी परततो, तोवर कान पुन्हा तयार.

पण हाक 5 मिलिसेकंदांची असेल तर 85 सेंटिमीटरच्या आतल्या किड्याचा प्रतिध्वनी हाकेवरच येऊन आदळेल. म्हणून जवळ जाताना हाका आखूड होत जातात. शोधताना सेकंदाला दहाएक, झडपेच्या क्षणी दीडशेहून जास्त. दहापट हळू वाजवल्यावर ही शेवटची गर्दी खर्रर्र अशी ऐकू येते. ती जरूर शोधा, शिकारीचा सगळा शेवट तिच्यात असतो.

मेंदूत तर अंतरासाठी वेगळ्या चेतापेशीच आहेत. हाक आणि प्रतिध्वनी यांच्यात ठरावीक वेळ गेला तरच त्या जोरात पेटतात. एखादी 3 मिलिसेकंदांना, दुसरी 8 ला. एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे जेमतेम 58 मायक्रोसेकंद!

पिंपळपान:
एक भर. झाडांवर दिवसा उलटी लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं प्रतिध्वनी वापरत नाहीत, डोळ्यांनी आणि वासाने चालतात. त्यांच्या झाडाखाली रेकॉर्डर लावून या हाका मिळणार नाहीत.

तळ्याकाठचा:
मनापासून आभार. पण आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी 35 अंश, डिसेंबरात 17. आवाजाचा वेग बदलतो, मग अंदाज चुकत नाही?

कानसेन:
वेग तीनेक टक्क्यांनी बदलतो, म्हणजे मीटरमागे तीन सेंटिमीटर. तेल अवीवमध्ये हेलियम मिसळलेल्या हवेत, जिथे आवाज जास्त वेगाने जातो, पिल्लं वाढवून पाहिली (2021). तीही तिथे लक्ष्य जवळ समजून अलीकडेच उतरू पाहत होती. जग ती वेळेतच मोजतात. आणि चूक अंतराच्या प्रमाणात असल्याने जवळ जाताना मे महिन्यातली तीन सेंटिमीटरची चूक शेवटच्या टप्प्यात आपोआप आक्रसत जाते.