बिझनेस रूल स्टेजिंगवर चालतो, प्रॉडक्शनवर एका साइटची तिकिटं कुणाकडेच जात नाहीत

कळवेकर_ताई
सर्व्हिसनाऊवर (तक्रारींची तिकिटं सांभाळणारी सिस्टीम) काम करणारं कुणी आहे का? सकाळपासून अडकले आहे. ऑफिस ऐरोलीला, क्लायंटच्या साइट महापे आणि तुर्भे. नेटवर्कचं तिकीट आलं की साइट बघून त्या टीमकडे जावं, म्हणून इन्सिडंटवर (बिघाडाची तिकिटं) 'बिफोर' बिझनेस रूल, म्हणजे तिकीट सेव्ह होण्याआधी चालणारी स्क्रिप्ट, लिहिला. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, तीन आठवडे बिनबोभाट चालला.

शुक्रवारी रात्री दहाच्या विंडोत अपडेट सेट (केलेल्या बदलांचं गाठोडं) प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या कामाच्या सर्व्हरवर, रिट्रीव्ह केला. प्रिव्ह्यूत (लागू करण्याआधीची तपासणी) एकही एरर नाही, म्हणून कमिट, म्हणजे लागू, केला. तुर्भ्याचं एक तिकीट टाकून बघितलं, बरोबर गेलं. ठाण्याची शेवटची गाडी गाठायची होती म्हणून महापेचं टाकलं नाही. ही चूक माझी.

आज महापेच्या शिफ्टमधून फोन, "ताई, एक पण तिकीट नाही आलं, सिस्टीम बंद आहे का?" तिकिटं बनली आहेत, पण उघडली की असाइनमेंट ग्रुप (तिकीट कुठल्या टीमकडे ते फील्ड) कोरा. आणि 'ग्रुप रिकामा' असा फिल्टर लावला तर त्यातलं एकही येत नाही! बॅक आउट करू का, म्हणजे अपडेट सेट मागे घेऊ का?

खाडीपलीकडचा
बॅक आउट नको. रूल मागे जाईल, तिकिटं तशीच लटकतील. आधी रूलचं 'ॲक्टिव्ह' काढा, म्हणजे नवीन तिकिटं अडकायची थांबतील. मग सांगा, स्क्रिप्टमध्ये ग्रुपचा सिस-आयडी (प्रत्येक रेकॉर्डची वेगळी ओळखखूण) थेट लिहिलाय का?

कळवेकर_ताई
हो, दोन्ही ग्रुपचे ३२ अक्षरी. तुर्भ्याचा ग्रुप जुना आहे, क्लोनमधून (प्रॉडक्शनची नक्कल) स्टेजिंगवर आलेला. महापेचा नंतर दोन्हीकडे हातानं बनवला. नाव अगदी तेच. पण मग प्रिव्ह्यूनं सांगितलं का नाही?

खाडीपलीकडचा
नाव तेच, आयडी वेगळा. क्लोनमध्ये आयडी तसाच येतो, म्हणून तुर्भे चाललं. प्रिव्ह्यू रेकॉर्डची रेफरन्स फील्ड (दुसऱ्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारी) तपासतो. स्क्रिप्ट त्याच्या लेखी नुसता मजकूर, आत काय लिहिलंय ते तो बघत नाही. आणि ग्रुप हा डेटा, तो अपडेट सेटमध्ये येतच नाही.

फिल्टरचं कोडंही तेच. फील्ड रिकामं नाही, त्यात स्टेजिंगचा आयडी बसलाय. प्रॉडक्शनवर त्या आयडीचा ग्रुप नाही म्हणून कोरं दिसतं. इन्सिडंटच्या लिस्टला त्याच आयडीची क्वेरी लावा, सगळी सापडतील.

घणसोली_नाइट_शिफ्ट
तिकिटं दुरुस्त करताना स्क्रिप्टमध्ये सवयीनं सेट-वर्कफ्लो फॉल्स टाकू नका, त्यानं रूल आणि मेल थांबतात. एरवी मीही टाकतो, पण इथे टीमला असाइनमेंटचा मेल जायलाच हवा. आधी एका तिकिटावर करून बघा.

रूलसाठी ग्रुपचा आयडी सिस्टीम प्रॉपर्टीत (सर्व्हरची सेटिंग) ठेवा आणि तिचं 'प्रायव्हेट' टिक करा, म्हणजे ती अपडेट सेटमध्ये जाणार नाही. प्रत्येक सर्व्हरवर आपापली किंमत, ती मात्र हातानं भरावी लागते.

खाडीपलीकडचा
मी प्रॉपर्टीच्या भानगडीत पडत नाही. ग्रुप फक्त प्रॉडक्शनवर बनवायचा, एक्सएमएल एक्स्पोर्ट करून स्टेजिंगवर इम्पोर्ट करायचा. आयडी तोच राहतो. स्टेजिंगवरचा हातानं बनवलेला ग्रुप तेवढा आधी काढून टाका, नाहीतर एका नावाचे दोन होतील.

आणि दुरुस्त रूल आज प्रॉडक्शनवर 'ॲक्टिव्ह'चं टिक काढण्याआधीच स्टेजिंगवर सेव्ह झाला असेल, तर पुढच्या प्रिव्ह्यूत 'लोकल अपडेट नवीन आहे' अशी टक्कर दिसेल. घाबरून 'स्किप' दाबू नका, फरक बघून रिमोट, म्हणजे स्टेजिंगवरून आलेला, घ्या.

कळवेकर_ताई
अकरा तिकिटं सापडली. एकावर करून बघितलं, मेल गेला, मग बाकीची दहा. महापेच्या दादांनी फोन करून सगळी दिसतात म्हणून सांगितलं. ग्रुपचं एक्स्पोर्ट-इम्पोर्ट केलंय, रूलही बदललाय. मंगळवारच्या विंडोत पुन्हा नेते. यावेळी दोन्ही साइटची तिकिटं टाकल्याशिवाय उठणार नाही.