मदत हवी आहे: पोलीस थान्यात अर्ज ठेवून घेतला, रिपोर्ट लिहिली नाही. कलम कोणतं लागतं?

मावशी_इंदूर
भाचीशी गाण्याच्या क्लासच्या सरांनी गैरवर्तन केलं. काल थान्यात गेलो. दोन तास बसवलं आणि "क्लास आमच्या हद्दीत नाही, अर्ज ठेवून जा" म्हणाले. पावतीही दिली नाही. उद्या सकाळी परत जायचंय. कलम कुठलं तेवढं सांगा, म्हणजे ठामपणे बोलता येईल. जरा लवकर, प्लीज.

रामबागकर
३५४, विनयभंग. अजामीनपात्र आहे. सरळ तेच सांगा.

काळी_शाई
दादा, १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तुमचं ३५४ आता कलम ७४ झालंय. ताई, घटना कधीची? आणि मुलीचं वय काय? वय कळल्याशिवाय कलम सांगणं चूक ठरेल.

रामबागकर
घटना त्या तारखेआधीची असेल तर ३५४च लागेल. एवढं मलाही कळतं.

काळी_शाई
म्हणून तर तारीख विचारली.

पलासिया_९
अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या. आमच्या ऑफिसात एका मॅडमनी दिली होती, त्या माणसाला काढून टाकलं.

मावशी_इंदूर
अहो, ती नोकरी करत नाही, शाळेत जाते! सोळा वर्षांची आहे. होळीनंतरची गोष्ट, याच वर्षीची. श्वास कुठून घ्यायचा ते दाखवतो म्हणून हात लावायचे, पुन्हा पुन्हा. आम्हाला मागच्या आठवड्यात कळलं. तोवर आम्ही तिलाच बोलत होतो, एवढी फी भरली आणि मधेच क्लास का सोडलास म्हणून. तिने हार्मोनियमवर जुनी चादर टाकून ठेवलीय. शाळेतून येताना क्लासची गल्ली लागू नये म्हणून लांबच्या रस्त्याने पायी येते, भर उन्हात. माझ्या ताईला वाटलं, रिक्षाचे पैसे वाचवतेय.

समंजस
ताई, राग नसावा. कपड्यांवरून हात लावला, एवढ्यावर केस उभी राहत नाही. शिवाय तीन महिने गप्प का बसली, हे पहिलं विचारतील. मुलीच्या जातीचं नाव एकदा खराब झालं की झालं. सरांना घरी बोलावून समज द्या, विषय मिटवा.

काळी_शाई
हे तुमचं बोलणं मुलीला घातक आहे. वय अठराच्या आत म्हणजे २०१२ चा पॉक्सो कायदा, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा. लैंगिक हेतूने केलेला स्पर्श कलम ७ मध्ये येतो, शिक्षा तीन ते पाच वर्षं. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने केला तर कलम ९ आणि १०, पाच ते सात वर्षं. कपड्यांवरून केलेला स्पर्श चालत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केलं. आणि असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हाच याच कायद्याखाली गुन्हा आहे. "मिटवा" म्हणायची सोयच नाही.

सुदामानगर_ब
"तीन महिने गप्प का" याचं उत्तर मी देते. मी एकोणीस वर्षांची होते, चालत्या बसमध्ये. ओरडायचं ठरवलं आणि तोंडातून आवाजच निघाला नाही. हातात डबा होता, तो घट्ट धरून उभी राहिले. नंतर कित्येक वर्षं स्वतःलाच विचारत होते की मी डबा का फेकून मारला नाही. भीतीने शरीर गोठतं, हे मला एका समुपदेशक बाईंनी पहिल्यांदा सांगितलं. ती मुलगी तीन महिन्यांत बोलली, मला अकरा वर्षं लागली. तिला क्लासवरून बोललात त्याबद्दल तिची एकदा स्पष्ट माफी मागा, ताई. बाकी सगळं नंतर.

दंड_बैठक
म्हणून सांगतो, सगळ्या मुलींना कराटे शिकवा. आमच्या पोरीला पाचवीपासून घातलंय.

सुदामानगर_ब
दादा, आत्ता ते नको.

लोकमान्य_३
क्लासचं नाव टाका, आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरवतो. सगळे आपापली मुलं काढून घेतील.

काळी_शाई
अजिबात टाकू नका. क्लासच्या नावावरून मुलगी कोण ते एका दिवसात कळेल. तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे, ग्रुपवर टाकणाऱ्यालाही लागतो.
मावशी, उद्याचं नीट वाचा. हद्द नसली तरी रिपोर्ट घ्यावीच लागते, शून्य क्रमांकाने नोंदवून ते दुसऱ्या थान्याला पाठवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. प्रत मोफत मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. तरीही नाही म्हणाले तर तोच मजकूर वरिष्ठ अधिकाऱ्यांना टपालाने पाठवा, पोचपावती जपा. आणि मुलीला थान्यात नेऊच नका. तिचं बयान घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचं असतं. चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवणं पोलिसांचं काम आहे. वकील परवडत नसेल तर विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. रात्री काही वाटलं तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

रामबागकर
वय आधी सांगितलं असतं तर मी ३५४ म्हटलं नसतं. मावशी, उद्या मी येऊ का सोबत? जुना थाना माझ्या माहितीचा आहे.

मावशी_इंदूर
दादा, नको. ताई आणि मी दोघीच जाऊ.
(दुपारी) रिपोर्ट झाली. प्रत पर्समध्ये आहे. १७३ म्हटल्यावर थान्यातल्या मुन्शीने मान वर करून पाहिलं. काल रात्री तिची माफी मागितली. काही बोलली नाही, पण माझ्या खोलीत झोपली. आता संध्याकाळी मॅडम घरी येणार आहेत. बयानाला आई नको, मावशी हवी म्हणतेय. ताईला लागलंय ते. चालतं का असं?

काळी_शाई
चालतं. आई-वडील किंवा मुलीचा विश्वास असलेली कोणतीही व्यक्ती, पॉक्सोचं कलम २६. मॅडमना तिलाच सांगू दे. ताईंना शेजारच्या खोलीत बसवा, दार लोटून.