ग्रॅनाइटच्या ओट्यावर सिंकमागे नळासाठी नवे भोक पाडणे

विश्रामबागकर (प्रश्न)

नमस्कार. सांगलीत विश्रामबाग भागात तीन मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आमची सदनिका आहे. सिंकचा नळ भिंतीतून घेतलेला आहे आणि भिंतीतील जुनी जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) पाइप झिरपू लागल्याने पलीकडच्या खोलीच्या रंगाला पोपडे आले आहेत. डॅडोच्या (ओट्यामागच्या भिंतीवरच्या) टाइल्स फोडण्याऐवजी तो नळ बंद करून सिंकच्या मागे, ओट्यावरच, उभा सिंगल लिव्हर मिक्सर (एकाच दांडीने गरम-थंड पाणी सोडणारा नळ) बसवावा असा विचार आहे. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा असून खाली कडप्पा आहे, सिंक ग्रॅनाइटच्या खालून बसवलेले आहे आणि सिंकच्या कडेपासून भिंतीपर्यंतची पट्टी ७५ मिमी रुंद आहे. मिक्सरच्या खोक्यावर ३५ मिमीचे भोक सांगितले आहे. हॅमरने वर्तुळात बारीक भोके पाडून मधला तुकडा छिन्नीने उडवून देतो, असे आमचे प्लंबर म्हणतात. ओटा तडकण्याची भीती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दगडकाम_कुपवाड

प्लंबरना नम्रपणे नकार द्यावा. ग्रॅनाइट कठीण खरा, पण ठोका सोसत नाही. सिंकमागची पट्टी हा अख्ख्या ओट्यातला सर्वांत अशक्त भाग असतो आणि तिथे बसलेल्या ठोक्याचा तडा बहुधा सिंकच्या कोपऱ्यातूनच निघतो.

मात्र मशीन हातात घेण्यापूर्वी ओट्याखाली डोके घालून पाहावे. आपल्याकडे सिंकची कड कडप्प्यावर टेकवून वरून ग्रॅनाइट बसवण्याची पद्धत आहे, त्यामुळे मागच्या पट्टीत १८ मिमी ग्रॅनाइट, मध्ये सिमेंटचा थर आणि खाली कडप्पा मिळून जाडी सहज ५० मिमीच्या वर जाते, तर बाजारातले बरेच मिक्सर ३५ ते ४० मिमी जाडीपर्यंतच आवळता येतात. भोक सुरेख पडते आणि खाली नट पोचतच नाही, हा घोटाळा मी तडकलेल्या ओट्यांपेक्षा जास्त वेळा पाहिला आहे. म्हणून जाड आट्याच्या एकाच नळीवर मोठा नट बसणारा मिक्सर न घेता, बारीक स्टडवर (आट्याच्या सळईवर) चकती आवळणारा घ्यावा. त्याचे स्टड काढून त्याच आट्याचा लांब रॉड हार्डवेअरच्या दुकानातून कापून आणता येतो. शिवाय पट्टीवर नाण्याने टिचकी मारून पाहावी. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे असे समजून, ती भरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खूण ७५ मिमीच्या बरोबर मध्यावर करू नये. सिंकची कड ग्रॅनाइटखाली साधारण २५ मिमी शिरलेली असते, म्हणजे मध्यावरचे भोक तिच्यावर येईल आणि पोलादावर घासून डायमंड बिट वाया जाईल. केंद्र सिंकच्या कडेपासून ४५ मिमीवर घ्यावे. मग भिंतीकडे १२.५ मिमी दगड उरतो, आणि ती बाजू मोकळी नसून डॅडोला टेकलेली असल्यामुळे तेवढा चालतो. फक्त ५० मिमी व्यासाचा मिक्सर भिंतीपासून जेमतेम ५ मिमीवर येईल, म्हणून दांडी मागे ढकलावी लागणारा मिक्सर तिथे उघडणारच नाही. दांडी बाजूला असलेलाच घ्यावा.

भोकासाठी ३५ मिमीचे डायमंड कोअर बिट (कडेला हिऱ्याचे कण असलेले पोकळ नळीसारखे बिट), वेग कमी-जास्त करता येणारे ड्रिल, हॅमर बंद आणि मिनिटाला ६०० ते ८०० फेरे. चार इंची ग्राइंडर ११ हजारांच्या आसपास फिरतो. त्यावर हेच बिट कोरडे चालवणारे कारागीर भेटतील, त्यांना ओट्याला हात लावू देऊ नये. या बिटाला मधले टोक नसते आणि चकाकीवर ते घसरते, म्हणून प्लायवूडच्या तुकड्यात त्याच मापाचे भोक पाडून तो शिकंज्यांनी किंवा चिकटपट्टीने घट्ट बसवावा व त्यातून सुरुवात करावी. खाच पडली की प्लायवूड काढून भोवती पुट्टीचे आळे करावे आणि त्यात पाणी भरावे. राखाडी गाळ निघत राहिला तर काम ठीक चालले आहे. पाणी आटून भुकटी उडू लागली तर थांबावे, कारण ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतो आणि ती धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. ग्रॅनाइट संपला की बिट एकदम भरभर उतरते. तिथे दाब काढावा आणि मधला गाभा बाहेर काढून पुढे जावे. कडप्पा हा थरांचा चुनखडीचा दगड असल्यामुळे त्याचा खालचा पापुद्रा सुटतो, तेव्हा खालून फळीचा टेकू हवाच.

पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने घरात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) चालू स्थितीत आहे, याची खात्री आधी करून घ्यावी.

मिरज_निवासी

आमचे सिंक ओट्याच्या वरून बसवलेले असून मागे पत्र्याची रुंद पट्टी आहे. तिथे आधी स्टील कापावे की दगड?

दगडकाम_कुपवाड

आधी स्टील. त्याला बायमेटल होल सॉ (धातू कापणारी गोल करवत), अगदी कमी वेग, कटिंग ऑइलचे थेंब आणि सलग दाब. ३०४ प्रतीचे स्टील नुसते घासत राहिले की आणखी कडक होते. पत्रा कापून झाल्यावर पाणी आणि डायमंड बिट. लोखंडी कीस सिंकमध्ये राहू देऊ नये, दुसऱ्याच दिवशी गंजाचे ठिपके दिसतात.

नळजोडणी

दगडाविषयी वर सर्व आलेच आहे. माझी शंका मूळ हेतूविषयी आहे. भिंतीतला नळ काढून तिथे प्लग मारला तरी झिरपणाऱ्या पाइपमध्ये पाणी दाबाने उभेच राहील आणि पलीकडचे पोपडे थांबणार नाहीत. ती लाइन जिथून फुटते तिथेच तोडून बंद करावी लागेल आणि ओट्याखाली नवीन सीपीव्हीसी (प्लास्टिक पाइपची) जोडणी अँगल कॉकसह (पाणी बंद करण्याच्या छोट्या कॉकसह) आणावी लागेल. ती जागा ओट्याखाली किंवा डक्टमध्ये (इमारतीच्या पाइपांच्या मोकळ्या पोकळीत) सापडली तर टाइल्स वाचतील, अन्यथा एखादी काढावीच लागेल.

दुसरे म्हणजे आपण वरच्या मजल्यावर आहात. टाकीचे पाणी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा साधारण एक बार दाब मिळतो. आपल्याकडे ही उंची तीन-चार मीटरच असेल, तर बऱ्याच सिंगल लिव्हर मिक्सरना किमान अर्धा बार लागतो. तो आकडा खोक्यावर पाहून घ्यावा.

विश्रामबागकर

सर्वांचे आभार. खाली पाहिले. एकूण जाडी ५४ मिमी भरली आणि पट्टीचा आवाज भरीव आहे. लाइन डक्टमधूनच फुटते, तेव्हा ती तिथेच तोडून घेतो. सध्याचा मिक्सर मोठ्या नटाचा असल्याने परत करून स्टडचा, बाजूच्या दांडीचा पाहतो आणि पंपाशिवाय चालेल असा दाब त्यावर लिहिलेला असेल तरच घेतो.