यझदी 250 (6 व्होल्ट): रात्री 10 चा फ्यूज उडतो, 20 चा टाकू का?

किकमार_कराड

यझदी 250, बी टाइप, 6 व्होल्ट, डायनॅमो मूळचाच, मायनस अर्थ (बॅटरीची मायनस चेसिसला जोडलेली). चेसिसला पावडर कोटिंग करून घेतलं आणि वायरिंग रेडीमेड हार्नेसचं (वायरींचा तयार जुडगा) नवीन टाकलं. हार्नेसला फ्यूजच नव्हता. म्हणून बॅटरीच्या प्लसवर काचेच्या फ्यूजचा इनलाइन होल्डर बसवला, आत 10 अँपिअरचा फ्यूज.

दिवसा काही त्रास नाही. रात्री हेडलाइट लावून निघालं की अर्ध्या तासात फ्यूज जातो, आणि जातो तो नेहमी सिग्नलला ब्रेक धरून उभं असताना. बल्ब: हेडलाइट 35/35, टेल 5, ब्रेक 18 वॅट. शिवाय ब्रेक दाबला की टेललाइट उजळायच्या ऐवजी मंद होते, म्हणजे सगळा उलटाच कारभार. दुकानदार म्हणतो 20 चा टाका आणि विसरा. टाकू का? नसेल टाकायचा तर फ्यूज किती, केवढे आणि कुठे?

---

सहा_व्होल्ट

20 चा टाकू नका. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरसाठी असतो. 20 चा टाकला आणि वायर बारीक असली की वायरच फ्यूजचं काम करते, आणि ती जळते टाकीखाली.

आधी हिशोब बघा. 6 व्होल्टवर हेडलाइट 35 वॅट म्हणजे 5.8 अँपिअर, टेल 0.8, ब्रेक 3. इग्निशन कॉइल सरासरी दोनेक धरा. बेरीज साडेअकराच्या वर जाते, आणि यात हॉर्न धरलेलाच नाही. 12 व्होल्टच्या गाडीचा हिशोब डोक्यात असला की 10 चा फ्यूज भरपूर वाटतो, पण इथे त्याच वॅटला करंट दुप्पट.

आता सिग्नललाच का जातो? तुमचा फ्यूज बॅटरीच्या लाइनमध्ये आहे. गाडी पळत असते तेव्हा बहुतेक लोड डायनॅमो उचलतो आणि फ्यूजमधून जाते ती फक्त तूट किंवा चार्जिंग. आयडलला डायनॅमोचं व्होल्टेज पडतं, कटआउट (डायनॅमोला बॅटरीशी आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच) उघडतो आणि सगळा लोड एकदम बॅटरीवर येतो. म्हणजे 10 च्या फ्यूजमधून 12 च्या आसपास. एवढ्या जास्तीला फ्यूज लगेच उडत नाही, तापत राहतो आणि काही मिनिटांनी जातो. शॉर्ट असता तर क्षणात गेला असता.

दोन मापं घेऊन टाका:

1. हेडलाइट चालू, इंजिन चांगलं रेझ करून थेट बॅटरीवर व्होल्टेज. 7 च्या आसपास चढलं तर डायनॅमो ठीक. 6 च्या घरातच रेंगाळलं तर ब्रश, कॉम्युटेटर आणि कटआउट बघावं लागेल.
2. इंजिन बंद, हेडलाइट आणि ब्रेक दोन्ही चालू. मीटरच्या दोन्ही पिना फ्यूज होल्डरच्या दोन बाजूंना लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर होल्डर फेकून द्या. काचेच्या फ्यूजची टोपी कंपनाने सैल होते, स्प्रिंग गंजते, आणि मग फ्यूज करंटपेक्षा होल्डरच्या उष्णतेनेच वितळतो. फ्यूजची तार मधोमध न तुटता टोपीजवळ वितळलेली दिसली तर हेच समजा.

आणि हार्नेसची एक वायर सोलून आतल्या काड्या मोजा. 0.2 मिमीच्या 16 काड्या म्हणजे अर्धा स्क्वेअर (चौरस मिमी), 24 म्हणजे पाऊण, 32 म्हणजे एक. दीड स्क्वेअरला 0.25 च्या 30 आणि अडीचला 50. आकडे कळवा, मग फ्यूज ठरवू.

---

मडगार्डखाली

ब्रेक दाबल्यावर टेल मंद होणं हा फ्यूजशी संबंध नसलेला वेगळा आजार आहे. अर्थ खराब असला तर करंट कमी होतो, वाढत नाही. तेव्हा दोन्हींची एकत्र मोट बांधू नका.

कारण तुम्हीच लिहिलंय: पावडर कोटिंग. टेल आणि ब्रेकच्या दोन्ही फिलामेंटचा परतीचा रस्ता एकच, बल्बचं पितळी बूड. तिथून होल्डर, मडगार्ड, बोल्ट, चेसिस असं करत करंट बॅटरीच्या मायनसला पोचायला हवा. यातल्या प्रत्येक जोडावर आता प्लॅस्टिकचा थर आहे. ब्रेकचे 3 अँपिअर त्या अडलेल्या रस्त्यावर आले की बुडाशीच व्होल्टेज चढतं आणि टेलला उरतं काहीच नाही.

बोल्टाखालचं कोटिंग खरवडून भागतं, पण दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो. त्यापेक्षा अर्थची स्वतंत्र वायर ओढा. दीड स्क्वेअरची एक हेडलाइटच्या डोममधून आणि एक टेलच्या होल्डरमधून, दोन्ही थेट बॅटरीच्या मायनसला. इंजिनला वेगळी, अडीच स्क्वेअर, क्रँककेसच्या एखाद्या बोल्टाला. डायनॅमोचा परतीचा करंट त्याच वाटेने येतो. डोमची अर्थ टाळू नका. ती नसली तर हेडलाइटचे सहा अँपिअर स्टिअरिंगच्या छर्‍यांतून आणि क्लच-स्पीडोच्या केबलमधून वाट काढतात. छर्‍यांवर चट्टे पडतात, केबलचं आवरण तापतं, आणि लोक दोष देतात ग्रीसला.

---

कटआउट_वाला

वायरच्या जाडीबद्दल भर घालतो, कारण 6 व्होल्टला खरा मार तिथेच बसतो. अर्धा स्क्वेअर वायरीला मीटरमागे साधारण 0.035 ओम. बॅटरीपासून चावी, डिपर करत हेडलाइटपर्यंत दोन मीटर धरले तर 5.8 अँपिअरला 0.4 व्होल्ट नुसत्या वायरीत जातात. 6 मधले 0.4. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने पडतो, म्हणजे उजेडाचा पाचवा हिस्सा गेला. अडीच स्क्वेअरला हेच नुकसान 0.08 व्होल्ट.

फ्यूजची मांडणी मी अशी करेन. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत मुख्य फ्यूज, 15 चा, निळा ब्लेड फ्यूज, झाकणाच्या होल्डरमध्ये. त्याआधीच्या वायरीला फ्यूजचं संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी छोटी तितकं बरं. तिथून चावीपर्यंत अडीच स्क्वेअर. चावीनंतर दोन फाटे: लाइटला 10 चा लाल, हॉर्न आणि ब्रेकला मिळून आणखी एक 10 चा. लाइटच्या फाट्याला दीड स्क्वेअर, बाकीला एक. कॉइलला मी वेगळा फ्यूज देत नाही. घाटात चढावर इग्निशन गेलं तर मागचा ट्रक थांबेलच असं नाही.

कटआउटकडून येणारी वायर मुख्य फ्यूजच्या चावीकडच्या बाजूला जोडा, बॅटरीच्या बाजूला नको. कटआउटचे पॉइंट चिकटले तर गाडी बंद असतानाही बॅटरी डायनॅमोमधून रिकामी होत राहते, वाइंडिंग तापतं. मधे फ्यूज असेल तर वाचतं. याची एक किंमत आहे: चालत्या गाडीत मुख्य फ्यूज गेला तर डायनॅमोला बॅटरीचा आधार राहत नाही. रेझबरोबर हेडलाइट भगभगायला लागली की बल्ब जायची वाट न बघता थांबून फ्यूज बघा.

---

सहा_व्होल्ट

मांडणी पटली, कॉइलचं नाही. इग्निशनचे पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे) जुळलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइलमधून सलग तीनेक अँपिअर जात राहतात. ते कुठल्याच फ्यूजला कळणार नाही, ते सोडा. पण कॉइलची वायर टाकीखाली चेसिसला घासून शॉर्ट झाली तर 15 उडेपर्यंत एक स्क्वेअरची वायर चांगलीच तापते. 7.5 चा तपकिरी टाकला तर काय बिघडतं? निरोगी कॉइल त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, तेव्हा घाटात तो आपणहून उडणार नाही.

---

किकमार_कराड

मापं घेतली. रेझला बॅटरीवर 7.1. होल्डरवर 0.5 व्होल्ट पडतोय, हात लावला तर चटका बसतो. काड्या 16, बॅटरीची मुख्य वायरसुद्धा तेवढीच!

---

कटआउट_वाला

डायनॅमो ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. 0.5 व्होल्ट गुणिले 12 अँपिअर म्हणजे 6 वॅट, टेलच्या बल्बाएवढी उष्णता त्या प्लॅस्टिकच्या नळीत.

मात्र अर्धा स्क्वेअर वायरीवर 15 चाही फ्यूज बसवायचा नाही, आणि 10 सुद्धा जास्तच. आधी वायर, मग फ्यूज. निदान बॅटरी ते चावी, चावी ते डिपर आणि डिपर ते हेडलाइट एवढ्या वायरी बदला. हे होईपर्यंत रात्री गाडी काढू नका. टोकांना डाग देऊ (सोल्डर करू) नका. कथील काड्यांमधून आत चढतं, तिथे वायर कडक होते आणि कंपनाने नेमकी त्याच जागी तुटते. उघड्या पितळी लग (वायरीच्या टोकाला दाबायच्या पट्ट्या) घ्या, क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबा, ओढून बघा, वर स्लीव्ह. जिथे वायर स्टिअरिंगच्या मानेपाशी वळते तिथे दोन्हीकडे हँडल पूर्ण वळवून ताण बघा, आणि मडगार्डच्या भोकातलं रबर जाग्यावर आहे ना तेही.

सगळं जोडल्यावर पहिल्यांदा फ्यूज टाकू नका. फ्यूजच्या जागी 6 व्होल्ट 18 वॅटचा ब्रेकचा बल्ब लावा. चावी बंद असताना तो पेटला तर चावीच्या अलीकडेच शॉर्ट आहे, नाहीतर कटआउट चिकटलाय. चावी चालू करून एकेक स्विच टाकत जा. इथे तो थोडा पेटणारच. पण ज्या स्विचला तो भगभगीत पेटेल आणि त्या फाट्याचा दिवा अजिबात लागणार नाही, तो फाटा सोडवून बघा. वायरींना हात लावण्यापूर्वी बॅटरीची मायनस आधी काढा आणि जोडणी झाल्यावर, बल्बची ही तपासणी करण्याआधी, शेवटी लावा, नाहीतर पाना चेसिसला टेकला की त्याचीच वेल्डिंग व्हायची.