गोडंबी नेमकी कुठली : बिब्ब्यातली की काजूची?

शहापूरची आजी : लेकीच्या बाळंतपणाचे लाडू करायचे होते. परवा बेळगावात रविवार पेठेत पाव किलो गोडंबी मागितली, तर दुकानदारानं काजू बांधून दिले. परत नेले तर म्हणतो, "अवो, ह्येच की गोडंबी!" माझ्या आईच्या लाडवांतली गोडंबी चपटी, चारोळीपेक्षा मोठी असायची. कोण चुकलं?

खानापूरकर : दोघंही नाही. मराठीत गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, कन्नडात गोडंबी म्हणजे काजू. बिब्बा आपल्या जंगलातला. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेला. म्हणून मला वाटतं, नाव आधी बिब्ब्याचं आणि काजू मागाहून येऊन बसला. दोघं एकाच कुळातले, दोघांच्या टरफलात कातडी भाजणारं तेल. 'गेरु'चीही तीच गत. कन्नडात काजूला गेरु म्हणतात आणि बिब्ब्याला 'करि गेरु', म्हणजे काळा गेरु. घरच्यालाच विशेषण लावायची पाळी आली!

चंदगडी : युरोपातही हाच घोळ झालाय. तिथले जुने औषधवाले बिब्ब्याला 'अनाकार्डियम' म्हणायचे. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली ते नाव काजूला देऊन टाकलं. बिब्बा आता 'सेमेकार्पस', म्हणजे खुणेचं फळ. परीट कपड्यांवर खुणा करायचे ना, त्यावरून.

शहापूरची आजी : मग 'बिब्बा घालणे' परटाच्या डागावरूनच आलं असणार. डाग जन्मात जात नाही.

खानापूरकर : मला नाही पटत. परीट खूण मुद्दाम करायचा, त्यात बिघाड कसला? मोडता घालणं हा अर्थ उतण्यावरून आला असावा. जांबोटीकडे काटा रुतला की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचे आणि गरम तेलाचा चटका द्यायचे. काहींना गुण यायचा. एखाद्याला असा उतायचा की अंगभर फोड. मग खोबरं चोळत बसा. बऱ्यासाठी केलेलं अंगलट येतं, तो खरा बिब्बा. घरी करून बघू नका, एवढं मात्र सांगतो.

शहापूरची आजी : बरं. पण आता दुकानात काय म्हणू?

चंदगडी : "बिब्ब्यातली गोडंबी, फोडलेली" असं म्हणा. नुसतं 'करि गेरु' म्हणालात तर अख्खे बिब्बे बांधून देईल.